फोन वळला, पण निरोप कुणाचा? ईपीएबीएक्सला व्हॉइसमेल जोडतानाचं एक प्रकरण

हे काम मी स्वतः केलेलं आहे. कार्यालयाचं नाव, ईपीएबीएक्सचा (म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचा) आणि व्हॉइसमेलचा मेक, माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. एक्स्टेंशन नंबरही बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकलेल्या निर्णयासकट. असं काम ज्यांच्याकडे येतं त्यांनी निदान वळवलेल्या फोनचा भाग तरी नीट वाचावा. माझी चूक तिथेच झाली आणि तिची झळ भलत्याच माणसाला बसली.

पार्श्वभूमी

लोकांचे अर्ज तपासून त्यांवर निर्णय देणारं एक कार्यालय. सुमारे १६० एक्स्टेंशन, सगळी तीन आकडी. अधिकाऱ्यांच्या टेबलावर डिजिटल की-फोन, बाकीच्यांकडे साधे ॲनालॉग फोन. बाहेरून एक पीआरआय लाइन, म्हणजे एका वेळी ३० कॉल. बाहेरचा माणूस थेट एक्स्टेंशनला फोन लावू शकत होता. नंबर माहीत नसेल तर ऑपरेटरकडून जायचं. ईपीएबीएक्सला तिथे सगळे ‘बोर्ड’ म्हणत, मीही तेच म्हणतो. बोर्ड दहा वर्षांहून जुना, पण धडधाकट होता.

आधी ऑपरेटर ताई चिठ्ठ्या लिहायच्या. अमक्याचा फोन होता, परत करा. दिवसा हे कसंबसं चालायचं. कार्यालय सुटल्यावर मात्र फोन नुसता वाजत राहायचा. म्हणून व्हॉइसमेल घेतला गेला. दुसऱ्या एका कंत्राटदाराने तो बसवला होता: एक कॉम्प्युटर, त्यात चार पोर्टचं (म्हणजे एका वेळी चार कॉल घेणारं) ॲनालॉग कार्ड आणि सॉफ्टवेअर. मला बोलावलं तेव्हा त्याला चार महिने झाले होते आणि ताई पुन्हा चिठ्ठ्या लिहायला लागल्या होत्या.

अडचण

प्रशासन अधिकारी मॅडमनी तक्रार एका वाक्यात सांगितली, “फोन तिकडे जातो, पण निरोप येत नाही.” मी अर्धा दिवस कुठलंही सेटिंग न बदलता नुसते फोन लावत बसलो.

बाहेरून २१४ ला फोन लावला आणि वाजू दिला. चार रिंगनंतर व्हॉइसमेलने उचलला आणि म्हणाला, “ज्यांच्यासाठी निरोप ठेवायचा आहे त्यांचा एक्स्टेंशन नंबर दाबा.” अहो, तोच तर लावला होता! थेट नंबरचे शेवटचे तीन आकडे म्हणजे एक्स्टेंशन, हे बाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. बहुतेक जण इथेच फोन ठेवायचे.

ज्यांनी चिकाटीने निरोप ठेवला, त्यांचा निरोप पेटीत, म्हणजे व्हॉइसमेलमधल्या त्या एक्स्टेंशनच्या कप्प्यात, पडून राहायचा. टेबलावरच्या फोनचा दिवा लागत नव्हता, डायल टोन बदलत नव्हता. पेटी उघडून पाहायची आठवण ज्याची त्याने ठेवायची.

तिसरी गोष्ट मला रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये सापडली. दुपारी चारनंतर व्हॉइसमेल एंगेज लागतो, असं ताई म्हणाल्या होत्या. फाइलींची यादी काढली तर पुष्कळ फाइली बरोबर तीन मिनिटांच्या निघाल्या. निरोपाची कमाल मर्यादाच तीन मिनिटं होती. एक ऐकली. क्षणभर शांतता, मग ‘खट्’, मग शेवटपर्यंत टूं टूं टूं. समोरच्याने काही न बोलता फोन ठेवला होता आणि यंत्र पुढची तीन मिनिटं एंगेज टोन रेकॉर्ड करत बसलं होतं. असे चार जण पाठोपाठ आले की चारही पोर्ट अडकले.

तक्रारी तीन दिसत होत्या, पण मूळ एकच होतं. फोन कुणासाठी आला, तो इकडे का वळला आणि समोरच्याने कधी ठेवला, हे सगळं बोर्डाला माहीत असतं. त्यातलं काहीच तो व्हॉइसमेलला सांगत नव्हता. आणि निरोप आला हे व्हॉइसमेलला माहीत होतं, तो ते बोर्डाला सांगत नव्हता. दोघांमध्ये तार होती, तारेतून आवाज जात होता. जोडणी झालीच नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

आधीच्या कंत्राटदाराने एक प्रयत्न केला होता, तो सांगायला हवा, कारण हा घोटाळा मी इतर ठिकाणीही पाहिला आहे. बोर्डाच्या मागच्या सीरियल पोर्टमधून एक केबल व्हॉइसमेलच्या कॉम्प्युटरपर्यंत ओढलेली होती. ते पोर्ट होतं एसएमडीआरचं, म्हणजे कॉलच्या बिलिंगचं. व्हॉइसमेलला हवं असतं एसएमडीआय, म्हणजे कॉलची माहिती बोर्डाने व्हॉइसमेलला कळवायची सीरियल जोडणी. एका अक्षराचा फरक, दोन्ही सीरियल, दोन्हींत एक्स्टेंशन नंबर दिसतात. पण एसएमडीआरची ओळ कॉल संपल्यावर छापली जाते. कॉल संपल्यावर तो कुणाचा होता हे कळून व्हॉइसमेलला काय उपयोग? एसएमडीआयची ओळ कॉल पोर्टवर वाजत असतानाच येते.

एसएमडीआय मुळात बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेने टेलिफोन एक्स्चेंजसाठी ठरवलेली पद्धत आहे. साधारणपणे १२०० बॉडची संथ लाइन, पण काम चोख. प्रत्येक कॉलमागे एक छोटी ओळ येते. तिच्यात कॉल कुठल्या पोर्टवर आला ते असतं, मग एक अक्षर असतं आणि मग नंबर. अक्षर ‘डी’ असेल तर कुणी थेट व्हॉइसमेललाच फोन लावला आहे, ‘एन’ म्हणजे उचलला नाही, ‘बी’ म्हणजे एंगेज होता, ‘ए’ म्हणजे सगळेच कॉल वळवून ठेवले आहेत. दिवा लावायचा-विझवायचा हुकूम त्याच तारेतून उलट जातो. आमच्या बोर्डात ही सोय होती, पण लायसन्सच्या कुलपाखाली. उत्पादकाने त्या मालिकेची लायसन्स देणं बंद केलं होतं.

एसआयपीचा, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवरून फोन जोडण्याच्या पद्धतीचा पर्याय मला मनापासून आवडणारा. त्यात कॉल कुठून कुठे वळत आला हे हेडरमध्येच लिहिलेलं असतं, आणि निरोप आल्याची सूचना देण्याची पद्धत २००४च्या आरएफसी ३८४२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नीट ठरवून दिलेली आहे. पण त्यासाठी बोर्डात आयपी कार्ड हवं होतं आणि ते आता फक्त जुन्या बाजारात मिळत होतं. ज्या कार्डावर १६० जणांचे निरोप अवलंबून राहणार, ते वॉरंटीशिवाय घ्या असं सांगायला माझं मन धजावेना.

सगळंच नवीन घ्यायचा प्रस्ताव मॅडमनी स्वतःच बाजूला ठेवला. त्या वर्षी ते शक्य नव्हतं.

उरला इनबँड डीटीएमएफ, म्हणजे आवाजाच्याच तारेतून बटणांच्या टोनने माहिती पाठवणं. ॲनालॉग पोर्टवर व्हॉइसमेलने फोन उचलला की बोर्ड समोरच्या माणसाला जोडण्याआधी पटकन काही बटणांचे टोन वाजवतो. आमच्या बोर्डात पहिला आकडा कारणाचा होता आणि पुढचे तीन एक्स्टेंशनचे. कारण १ म्हणजे थेट, २ म्हणजे उचलला नाही, ३ म्हणजे एंगेज, ४ म्हणजे सगळे कॉल वळवलेले. म्हणजे ‘२२१४’ ऐकू आलं की समजायचं: २१४ ने फोन उचलला नाही, त्यांचं स्वागत ऐकव आणि त्यांच्या पेटीत निरोप घे. हे कोड प्रत्येक बोर्डाचे वेगळे असतात, आमचे कोड दुसरीकडे चालणार नाहीत.

ही पद्धत जुनी आणि थोडी ओबडधोबड आहे. टोन चुकीचा ऐकला गेला तर माहिती चुकते, प्रत्येक कॉलमागे एक-दीड सेकंद जातो, आणि आमच्या बोर्डावर या ओळीत वळवणाऱ्याचा एकच नंबर मावत होता. या शेवटच्या मर्यादेकडे मी तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही. मला जमेच्या बाजू दिसत होत्या. लायसन्स लागत नाही, सोय बोर्डात आहे, आणि बिघाड झालाच तर टेस्ट फोन लावून कानाने ऐकता येतो. मी इनबँडची शिफारस केली आणि मॅडमनी ती मान्य केली.

पोर्ट किती?

चार पोर्ट पुरत नाहीत हे सगळे म्हणत होते, पण ते अंदाजाने. खरं तर तीन मिनिटांच्या टूं टूंनी पोर्ट खाल्ले होते. ते बंद झाल्यावरही चार कमी पडतील का, हे मोजायला हवं होतं. इथे ती बिलिंगची केबल कामाला आली. त्या नोंदींवरून सर्वांत गर्दीच्या तासात न उचललेले आणि एंगेजवर आपटलेले मिळून ६० च्या आसपास कॉल निघाले. स्वागत धरून एका निरोपाला दीड मिनिट, म्हणजे ९० मिनिटं. निरोप ऐकायला त्याच तासात ३० जण येतील आणि प्रत्येकी मिनिटभर घेतील असं धरलं, म्हणजे आणखी ३० मिनिटं. एका तासात १२० मिनिटांचं काम, म्हणजे २ अरलँग (एक लाइन तासभर पूर्ण भरलेली म्हणजे १ अरलँग).

किती कॉल परत फिरतील ते सांगणाऱ्या अरलँग-बी च्या सूत्राने चार पोर्टवर एवढा भार टाकला तर साडेनऊ टक्के कॉल परत फिरतात. जवळजवळ दहातला एक. सात पोर्टवर हेच प्रमाण हजारी तीन-चारवर येतं. आठवं पोर्ट मला दिव्यांसाठी राखून ठेवायचं होतं. म्हणून आठ पोर्टचं कार्ड मागवलं. या निर्णयाबद्दल मला पुढे कधीच फेरविचार करावा लागला नाही.

प्रत्यक्ष काम

एमडीएफवर (सगळ्या तारा एकत्र येतात त्या चौकटीवर) आठ जोड्या क्रोनच्या पट्टीवर पंच केल्या, आठही पोर्ट एका हंटिंग ग्रुपमध्ये (एक भरलं की कॉल पुढच्याकडे जाणाऱ्या गटात) टाकले. येणारे कॉल पहिल्या पोर्टपासून वर चढत जातील असं ठेवलं आणि व्हॉइसमेलने स्वतः फोन लावायचा तर फक्त आठव्यावरून. दोन्हीकडून एकच पोर्ट एकाच क्षणी उचललं गेलं की समोरच्याच्या कानात डायल करण्याचे आवाज जातात आणि दोन्ही कामं फसतात.

मग फोन ठेवल्याची खूण. बोर्डाच्या ॲनालॉग पोर्टला एक सेटिंग होतं: समोरच्याने ठेवलं की लूपचा करंट सुमारे अर्धा सेकंद तोडायचा. ते बंद होतं, कारण साध्या फोनला त्याची गरज नसते. आठही पोर्टना ते चालू केलं आणि व्हॉइसमेलला सांगितलं की करंट तुटला की कॉल संपला. जोडीला एंगेज टोन ओळखणंही ठेवलं, पण त्या बोर्डाचा टोन रेकॉर्ड करून, त्याची फ्रीक्वेन्सी आणि ठेका मोजून मगच भरला. सॉफ्टवेअरमध्ये आधी भरलेला टोन दुसऱ्याच देशाचा होता. अमेरिकेतला एंगेज टोन ४८० आणि ६२० हर्ट्झचा जोड असतो, बऱ्याच देशांत तो ४२५ हर्ट्झच्या आसपास एकेरी असतो. यंत्र चुकीच्या सुराची वाट पाहत बसलं होतं. त्या दिवसापासून तीन मिनिटांच्या फाइली थांबल्या.

इनबँड चालू केल्यावर पहिल्या दिवशी दहा कॉलपैकी सात बरोबर पेटीत गेले आणि तीनांना पुन्हा “एक्स्टेंशन नंबर दाबा” ऐकू आलं. एक्स्टेंशन तीच, पोर्ट तेच, तरी कधी चालायचं कधी नाही. मी पोर्टच्या जोडीवर टेस्ट फोन मॉनिटरवर, म्हणजे नुसतं ऐकायच्या स्थितीत, लावला. कॉल आला, रिंग, उचलल्याची खट्, आणि लगेच चार टोन. कानाला चारही आल्यासारखे वाटले. मग तोच आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून उभा-आडवा पसरून पाहिला. डीटीएमएफच्या प्रत्येक बटणात दोन सूर असतात, २ च्या बटणात ६९७ आणि १३३६ हर्ट्झचे. चारही आकड्यांच्या पट्ट्या स्वच्छ आणि पुऱ्या लांबीच्या होत्या. म्हणजे बोर्ड नीट बोलत होता. मग व्हॉइसमेलचा लॉग काढला. बिघडलेल्या प्रत्येक कॉलमध्ये त्याने ‘२१४’ एवढंच ऐकलं होतं. पहिला आकडा गेलेला. उरलेल्या ‘२१४’ मधला २ त्याने कारण समजून घेतला आणि ‘१४’ नावाची पेटी शोधत बसला.

कारण उघड झालं. बोर्ड उचलल्यावर पाव सेकंदातच टोन वाजवायला सुरुवात करत होता. व्हॉइसमेलच्या कार्डाला उचलल्यावर ऐकायला तयार व्हायला थोडा वेळ लागायचा, आणि दुसऱ्या पोर्टवर काम चालू असलं की आणखी थोडा. बोर्डातला थांबा ८०० मिलिसेकंदांवर नेला आणि व्हॉइसमेलला आकडे येईपर्यंत गप्प राहायला सांगितलं. मग एका संध्याकाळी आम्ही दोघांनी आठही पोर्टवर मिळून ८० कॉल केले, ताई एका फोनवर आणि मी दुसऱ्यावर. ८० पैकी ८० बरोबर गेले.

त्याच संध्याकाळी सहज म्हणून मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्वागत चालू असताना ट्रान्सफरचं बटण दाबून पुढे ० आणि बाहेरचा एक नंबर लावला. लागला! चार महिने जगातला कुणीही या कार्यालयाच्या खर्चाने कुठेही फोन लावू शकत होता. वर प्रत्येक पेटीचा पिन म्हणजे तिचाच एक्स्टेंशन नंबर. घरी जाण्याआधी आठही पोर्टचा बाहेरच्या लाइनचा हक्क काढून टाकला. दुसऱ्या दिवसापासून पहिल्यांदा पेटी उघडताना सहा आकडी नवा पिन सक्तीचा केला आणि तीन चुकांनंतर कुलूप. बिलिंगच्या नोंदी तपासल्या, कुणी गैरफायदा घेतलेला दिसला नाही. हे व्हॉइसमेल बसवतानाच व्हायला हवं होतं, आणि माझ्याही यादीत ते शेवटी होतं हे मला आज बोचतं.

वळवलेला फोन: चुकलेला निर्णय

बोर्डाच्या प्रोग्रामिंगमध्ये एक ओळ होती: व्हॉइसमेलला नंबर कुठला पाठवायचा, पहिल्यांदा लावलेला की शेवटी वळवलेला? आधीच भरलेलं उत्तर होतं ‘शेवटचा’. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. बहुतेक कॉल एकदाच वळतात, तेव्हा पहिला आणि शेवटचा एकच असतो. माझे ८० चे ८० कॉल त्याच प्रकारचे होते.

दुसऱ्या आठवड्यात एक उपअधिकारी बैठकीला गेले. त्यांनी नेहमीप्रमाणे आपला २३१ सहाय्यकाच्या २४६ वर वळवला. सहाय्यक रजेवर, त्या जागी एक प्रशिक्षणार्थी बसत होता आणि तो नेमका जागेवर नव्हता. एका अर्जदाराने २३१ ला फोन लावला. फोन २४६ वर गेला, उचलला गेला नाही, व्हॉइसमेलवर आला. बोर्डाने इमानेइतबारे सांगितलं: २४६. अर्जदाराने कागद उशिरा का देत आहे हे सांगताना घरातल्या आजारपणाचं सगळं सांगितलं. ते ज्यांना सांगायचं होतं त्या साहेबांच्या पेटीत काहीच आलं नाही.

तो मुलगा प्रामाणिक. निरोप सुरू होताच त्याच्या लक्षात आलं, त्याने तो मध्येच थांबवला आणि स्वतः साहेबांकडे जाऊन सांगितलं. पण अर्जदाराला स्वागतात भलतंच नाव ऐकू आलं होतं. रात्रभर त्यांना वाटत राहिलं की आपण हे कुणाला सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंना फोन करून विचारलं, “माझं बोलणं कुणी ऐकलं?” मॅडमनी मला लगेच बोलावून घेतलं.

सेटिंग बदलून ‘पहिला’ करणं एका मिनिटाचं काम होतं. पण ते पूर्ण बोर्डाला एकच लागू होतं, माणसागणिक वेगळं ठेवता येत नव्हतं. घाईत बदललं असतं तर दुसरंच काही मोडलं असतं. म्हणून मॅडम, ताई, दोन विभागप्रमुख आणि मी टेबलाभोवती बसलो आणि कोण कशासाठी फोन वळवतं हे कागदावर काढलं.

बैठकीला जाणारे अधिकारी: निरोप त्यांचाच, त्यांच्याच पेटीत हवा. म्हणजे ‘पहिला’. लांब रजेवर जाणारे: ते फोन सहकाऱ्याकडे वळवतात ते काम अडू नये म्हणून, तेव्हा निरोपही सहकाऱ्याला मिळायला हवा. म्हणजे ‘शेवटचा’. दोन्ही रास्त, आणि सोय एकाचीच. मग ताईंनी विचारलं, “आणि ३०० चं काय?” ३०० म्हणजे चौकशीचा ग्रुप नंबर. पाच जणांचे फोन एकामागून एक वाजतात, शेवटच्याने उचलला नाही की व्हॉइसमेल. ‘शेवटचा’ असताना निरोप त्या पाचव्या माणसाच्या खासगी पेटीत पडत होते. ‘पहिला’ केलं तर ३०० ची पेटी लागणार, आणि ती कुणी बनवलीच नव्हती. ताईंचा दुसरा प्रश्न याहून नेमका होता: मी जे कॉल ट्रान्सफर करते, त्यांत पहिला नंबर माझा धरला जाईल का? तसं झालं असतं तर कार्यालयाचे निम्मे निरोप ऑपरेटरच्या पेटीत गेले असते. याचं उत्तर मला तिथे बसून देता आलं नाही. खाली जाऊन करून पाहिलं. आमचा बोर्ड ट्रान्सफर केलेला कॉल नवा कॉल धरत होता, म्हणजे धोका नव्हता. काही बोर्ड तसं करत नाहीत.

निर्णय ‘पहिला’ असा झाला. खासगी गोष्ट चुकीच्या कानावर जाणं हे निरोप उशिरा मिळण्यापेक्षा वाईट, यावर सगळ्यांचं एकमत होतं. रजेवर जाणाऱ्यांनी फोन वळवायचा आणि सोबत आपल्या पेटीचं स्वागत बदलून “तातडीचं असेल तर अमुक नंबर लावा” असं सांगायचं ठरलं. ३०० ची वेगळी पेटी केली. तिचा दिवा पाचही फोनवर लावायचा आणि ती रोज रिकामी करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहायची, असंही ठरलं.

दिवे

डिजिटल फोनवर दिवा, साध्या फोनवर उचलताच तुटक डायल टोन. व्हॉइसमेल आठव्या पोर्टवरून बोर्डाचा कोड आणि एक्स्टेंशन लावतो, होकाराचा टोन ऐकतो, ठेवतो. सरळ काम होतं आणि पंधरा दिवस सरळ चाललं. मग यूपीएसच्या दुरुस्तीसाठी बोर्ड एकदा बंद-चालू झाला आणि सगळे दिवे विझले. पेट्यांत निरोप तसेच होते. व्हॉइसमेलच्या मते त्याने दिवे लावलेले होते, म्हणून तो पुन्हा लावेना. दोन दिवसांनी एका बाईंनी सहज पेटी उघडली तेव्हा हे कळलं.

उपाय म्हणून रात्री दोन वाजता व्हॉइसमेल प्रत्येक एक्स्टेंशनची खरी स्थिती बोर्डाला नव्याने सांगतो. एका दिव्याला साधारण चार सेकंद, १६० ना अकरा मिनिटांच्या आत. आठवं पोर्ट राखून ठेवलं होतं म्हणून हे करता आलं.

निष्पन्न

पुढच्या महिन्याच्या अहवालात सातही पोर्ट एकदम भरल्याची नोंद एकही नव्हती. “एक्स्टेंशन नंबर दाबा” आता फक्त तेव्हाच ऐकू येतं जेव्हा कुणी व्हॉइसमेलच्या मुख्य नंबरवर दुसऱ्याच्या फोनवरून येतं. ताईंच्या चिठ्ठ्या पूर्ण थांबल्या नाहीत, आणि थांबायला हव्यात असंही नाही. वयस्कर माणसं यंत्राशी बोलायला कचरतात, त्यांचा निरोप त्या अजूनही हाताने लिहितात.

पुन्हा करायचं झालं तर

फोन कोण, कुणाकडे, कशासाठी वळवतं हे मी तारेला हात लावण्याआधी विचारेन, आणि पहिल्यांदा ऑपरेटरला विचारेन. कार्यालयाचा खरा नकाशा त्यांच्याकडे असतो. चाचणीचे ८० कॉल एकाच प्रकारचे करण्यापेक्षा वीसच करेन, पण त्यांत दोनदा वळवलेला, ग्रुपवरून आलेला, ट्रान्सफर केलेला, एंगेजवर आपटलेला आणि अर्ध्यावर ठेवलेला असा प्रत्येक प्रकार असेल. बाहेरच्या लाइनचा हक्क पहिल्या तासात तपासेन. बोर्ड बंद-चालू करून पाहणं हा चाचणीचाच भाग धरेन.

इनबँड निवडलं हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. एसएमडीआयचं लायसन्स मिळालं असतं तरी त्याच्या ओळीतही वळवणाऱ्याचा एकच नंबर येतो, तेव्हा २३१ चा प्रश्न तिथेही उभा राहिला असता.

एक बारीक दुखणं अजून आहे. काही आवाजांचे सूर योगायोगाने डीटीएमएफच्या जोडीशी जुळतात आणि यंत्राला बटण दाबल्यासारखं वाटतं. एका अर्जदार बाईंचा निरोप त्यामुळे दोनदा मध्येच तुटला. रेकॉर्डिंग चालू असताना फक्त हॅशचं बटण ओळखायचं असं केल्यापासून पुन्हा तक्रार आलेली नाही, पण मी दर महिन्याला पाच सेकंदांहून छोट्या फाइली ऐकून पाहतो.

बोर्ड बदलण्याचा प्रस्ताव आता पुढे सरकला आहे. नवा बोर्ड एसआयपीचा असेल आणि वळवण्याची पूर्ण साखळी हेडरमध्ये मिळेल, म्हणजे बैठकीला गेलेल्यांसाठी ‘पहिला’ आणि रजेवरच्यांसाठी ‘शेवटचा’ अशी निवड करता येईल. त्या दिवशी टेबलावर काढलेला कागद मॅडमनी निविदेच्या कागदपत्रांना जोडला आहे. त्याच्या समासात ताईंच्या अक्षरात लिहिलंय, “३०० ची पेटी कुणाची?” आणि खाली उत्तरादाखल एक नाव.